एयूसी ०.९६, आणि डोंगरापलीकडचा लाल पट्टा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका लहान बेडकाच्या ६३ नोंदी तुम्ही जमवल्या, वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-नकाशांच्या संग्रहातले सगळे १९ हवामान-चल घेतले, प्रजातीला कुठलं हवामान मानवेल याचा अंदाज बांधणारं मॅक्सेंट चालवलं आणि एयूसी, म्हणजे मॉडेल आढळाच्या जागा किती नीट वेगळ्या ओळखतं हे सांगणारा आकडा, आला ०.९६. नकाशा मात्र डोंगररांगेच्या पलीकडेही भडक लाल, म्हणजे अनुकूल, दिसतोय, आणि तिथे हा बेडूक आजवर कुणालाही सापडलेला नाही. मग मॉडेल चुकलं का? आणि चुकलं नसेल, तर त्याच्यावरूनच २०७० चा नकाशा काढावा का?

सरळ उत्तर आधी देते. लाल पट्टा ही चूक असेलच असं नाही आणि ०.९६ ही शाबासकी असेलच असंही नाही. ज्या गोष्टीनं तुम्ही बिचकलात ती बहुधा ठीक आहे. ज्या आकड्यावर निर्धास्त झालात तो मात्र तपासायला हवा. तुमच्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या ६३ नोंदी नेमकं काय सांगतात, आणि मॉडेलनं त्यांची तुलना कशाशी केली? त्याचं उत्तर मिळालं की पट्ट्याचा आणि २०७० चा गुंता बराचसा आपोआप सुटतो. बरंच काही तुमच्या बेडकावर, नोंदी कशा गोळा झाल्या यावर आणि नकाशा कशासाठी हवाय यावर अवलंबून आहे, ते जिथे येईल तिथे सांगेनच.

थोडं मागे जाऊ. अशी मॉडेलं प्रजातीचा निश शोधू पाहतात. निश म्हणजे मुळात भिंतीतला कोनाडा. जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ मध्ये कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. कसल्या झुडपांत, कसल्या हवामानात हा पक्षी तग धरतो, असा त्यांचा रोख होता. दहा वर्षांनी चार्ल्स एल्टन यांनी त्याच शब्दात वेगळा अर्थ भरला: प्राणी काय खातो, त्याला कोण खातं, म्हणजे आजूबाजूच्या जीवांमध्ये त्याचं काम काय. आणि १९५७ मध्ये जी. एव्हलिन हचिन्सन यांनी निशला गणिती रूप दिलं. तापमान हा एक अक्ष, पाऊस दुसरा, मातीची आम्लता तिसरा, असे हवे तितके अक्ष घ्या. त्या अवकाशातल्या ज्या भागात प्रजाती पिढ्यानपिढ्या टिकू शकते तो तिचा निश.

यातली एक गोष्ट नवख्यांच्या हातून हमखास निसटते. हे अवकाश म्हणजे नकाशा नव्हे. नकाशावरच्या एका ठिकाणाला त्या अवकाशात एकच बिंदू मिळतो, पण उलट दिशेनं तसं नसतं. तेच तापमान आणि तोच पाऊस जमिनीवर दहा ठिकाणी असू शकतो, एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर. मॉडेल शिकतं ते त्या अवकाशात. नंतर जेव्हा आपण त्याला जमिनीवर रंग भरायला सांगतो, तेव्हा ते तसं हवामान जिथे जिथे दिसेल तिथे तिथे लाल रंग भरतं. मध्ये डोंगर आहे, बेडकाला तो ओलांडता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचा पट्टा बहुधा असाच आलाय.

होर्हे सोबेरॉन आणि टाऊनसेंड पीटरसन यांनी २००५ मध्ये हे तीन वर्तुळांत मांडलं, आणि मी आजही कुठलंही काम सुरू करण्याआधी कागदावर ती तीन वर्तुळं काढते. पहिलं वर्तुळ: जिथलं हवामान-जमीन सोसवते तो भाग. दुसरं: जिथे इतर जीव जगू देतात, म्हणजे भक्ष्य आहे, जीवघेणा स्पर्धक किंवा रोग नाही. तिसरं: जिथवर प्रजाती आजवर पोहोचू शकली. प्राणी प्रत्यक्ष सापडतो तो तिन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे. तुमचा पट्टा पहिल्यात आहे आणि तिसऱ्याबाहेर आहे, असा माझा कयास. दुसऱ्याबद्दल तुमच्या माहितीत काहीच नाही, आणि हवामान-चलांच्या नकाशांमध्ये, म्हणजे थरांमध्ये, ते सापडणारही नाही.

दुसरं वर्तुळ किती चावतं याचं माझं आवडतं उदाहरण बार्नॅकलचं आहे. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारे हे कवचवाले जीव. जोसेफ कॉनेल यांचे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे थॅमॅलस ही जात खडकाच्या वरच्या पट्ट्यात दिसायची आणि बॅलॅनस खालच्या. नुसतं पाहणारा म्हणेल की थॅमॅलसला वरचा कोरडा भागच मानवतो. कॉनेल यांनी खालचे बॅलॅनस काढून टाकले, तर थॅमॅलस खालीही मजेत जगले. त्यांना खाली राहणं जमत होतं. बॅलॅनस त्यांना दाबून, उचकटून बाहेर काढत होते. आता कल्पना करा, फक्त थॅमॅलसच्या आढळाच्या नोंदींवर मॉडेल बांधलं असतं तर त्यानं काय शिकलं असतं? ‘कोरडं हवं’, असं. म्हणजे स्पर्धेची जखम हवामानाची आवड म्हणून नोंदली गेली असती.

तिसऱ्या वर्तुळाचं उदाहरण रेडिएटा पाइन. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन जागा आणि मेक्सिकोची दोन बेटं, एवढ्याच ठिकाणचं. माणसानं ते उचलून न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात लावलं आणि तिथे त्याची अफाट जंगलं उभी राहिली. मूळच्या त्या इवल्याशा आढळावरून या झाडाला काय काय सोसवतं याचा अंदाज बांधला असता तर तो फार तोकडा पडला असता. तेव्हा आढळाच्या नोंदी निशची एक बाजू दाखवतात, पूर्ण निश क्वचितच.

आता नोंदींकडे. खरं सांगायचं तर माझा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि प्रश्न विचारणारे बहुतेक जण मला अल्गोरिदमबद्दल विचारतात.

६३ नोंदी म्हणजे ६३ वेगळ्या जागा का? जगभरच्या आढळ-नोंदी एकत्र ठेवणाऱ्या जीबीआयएफसारख्या ठिकाणाहून उतरवलेल्या नोंदींत एकाच ओढ्यावर एकाच रात्री पकडलेल्या सात बेडकांच्या सात ओळी असतात. मॅक्सेंट नकाशाच्या जाळीतल्या एकाच चौकटीत पडलेल्या नोंदी मूळ सेटिंगनुसार एक धरतं, पण शेजारशेजारच्या चौकटींचं काय? तिथे विरळणी, म्हणजे जवळजवळच्या नोंदींतली एकच ठेवणं, तुम्हालाच करावी लागेल. किती अंतरानं, याला ठरलेला आकडा नाही. डोंगराळ भागात हवामान झटपट बदलतं, तिथे कमी अंतर चालतं. सपाटीवर जास्त ठेवावं लागतं. विरळणीनंतर ६३ च्या ४० उरल्या तर वाईट वाटून घेऊ नका. त्या ४० च होत्या.

मग अक्षांश-रेखांश. शून्य-शून्य असलेली नोंद अटलांटिक महासागरात पडते, ती लगेच पकडली जाते. धोकादायक असतात त्या जमिनीवर, बऱ्यापैकी पटेल अशा जागी पडलेल्या चुका: जिल्ह्याच्या किंवा देशाच्या मध्यबिंदूवर टाकलेली नोंद, नमुना ठेवलेल्या संग्रहालयाचा पत्ता, अदलाबदल झालेले अक्षांश आणि रेखांश. दशांशचिन्हापुढे किती आकडे आहेत तेही बघा. दोनच असतील तर विषुववृत्तापाशी एक पायरी साधारण १.१ किलोमीटरची होते. सपाटीवर ते चालून जाईल. पण उतारावर तेवढ्या सरकण्यानं उंची ५०० मीटरनं बदलली, तर दर १००० मीटरला सुमारे ६.५ अंश या हिशेबानं तापमान तीन अंशांहून अधिक चुकतं. ओलाव्यावर आणि गारव्यावर जगणाऱ्या बेडकासाठी तीन अंश म्हणजे वेगळंच जग.

जुन्या नोंदींत आणखी एक मेख असते. वर्ल्डक्लिमची दुसरी आवृत्ती १९७० ते २००० या काळाची सरासरी देते. नमुना १९२० चा असेल आणि तिथलं जंगल मधल्या काळात गेलं असेल, तर तुम्ही बेडकाची गाठ त्यानं कधी न पाहिलेल्या हवामानाशी आणि आता नसलेल्या अधिवासाशी घालून देताय. शिवाय बेडकांच्या बाबतीत ‘एक प्रजाती’ पुढे तीन निघाल्या, असं वारंवार घडतं. जुन्या नावाखालच्या नोंदी आज कुठल्या नावाखाली येतात ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तीन प्रजातींच्या नोंदी एकत्र करून काढलेला निश तिघींपैकी कुणाचाच नसतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: माणसं कुठे गेली होती? सुरुवातीच्या काळात मी एका सरड्याचं मॉडेल केलं होतं. नकाशा इतका सुबक आला की मी तो छापून भिंतीवर लावला. काही दिवसांनी त्याच्यावर रस्त्यांचा थर ठेवला, तर प्रत्येक लाल डाग एखाद्या रस्त्याला बिलगून. सरडा रस्त्याकाठी राहत होता असं नव्हे, शोधणारे गाडीतून उतरून फार आत जात नव्हते. माझ्या मॉडेलनं सरड्याचा नाही, सर्वेक्षकांचा निश शिकला होता. तो छापील नकाशा मी बरीच वर्षं ठेवला होता, खाली उतरवून, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. मॅक्सेंटला ‘आढळ’ आणि ‘पार्श्वभूमी’ (तुलनेसाठी प्रदेशातून उचललेले बिंदू) असे दोन गठ्ठे लागतात. पार्श्वभूमीचे बिंदू सगळीकडे सारखे विखुरण्याऐवजी, त्याच लोकांनी त्याच पद्धतीनं शोधलेल्या इतर सगळ्या बेडकांच्या नोंदींच्या जागा पार्श्वभूमी म्हणून वापरायच्या. मग रस्त्याकडचा कल दोन्ही गठ्ठ्यांत सारखाच येतो आणि एकमेकांना काटतो. इतर बेडकांच्या नोंदी पुरेशा असतील तरच हे जमतं, हे खरं. पण असतील तर कराच.

पार्श्वभूमीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या ०.९६ कडे येऊ, कारण तो आकडा इथेच तयार होतो.

एयूसी म्हणजे काय, हे सूत्र बाजूला ठेवून सांगायचं तर: आढळाचा एक बिंदू आणि पार्श्वभूमीचा एक बिंदू डोळे मिटून उचला, मॉडेलनं आढळाच्या बिंदूला जास्त गुण दिलेले असण्याची शक्यता म्हणजे एयूसी. नाणं उडवल्यासारखं काम असेल तर ०.५, सगळं अचूक वेगळं केलं तर १. आता तुम्ही पार्श्वभूमी म्हणून केवढा प्रदेश घेतलात? प्रश्नात लिहिलेलं नाही, पण १९ थर जसे उतरवले तसे अख्ख्या खंडाच्या चौकटीत घेतले असतील, असा माझा अंदाज आहे. त्या चौकटीत वाळवंटं येतात, बर्फाळ शिखरं येतात. ओल्या जंगलातल्या बेडकाला वाळवंटापासून वेगळं ओळखायला मॉडेल कशाला हवं? ते कुणीही सांगेल. चौकट जितकी मोठी तितके सोपे बिंदू जास्त आणि एयूसी तितका उंच. तेच मॉडेल, त्याच नोंदी, फक्त चौकट ताणली की आकडा फुगतो. विद्यार्थ्यांना मी हे एकदा तरी करून बघायला लावते, कारण ऐकून कुणाला पटत नाही.

यामागे साधं गणित आहे. प्रजाती चौकटीच्या जितक्या हिश्शात खरोखर राहते त्या हिश्शाला ‘अ’ म्हणा. खऱ्या अनुपस्थितीऐवजी पार्श्वभूमी वापरली की शक्य असलेला सर्वांत मोठा एयूसी १ मधून ‘अ’ चा निम्मा भाग वजा केल्यावर उरतो एवढाच असतो, कारण पार्श्वभूमीत आढळाच्या जागाही मिसळलेल्या असतात. प्रजाती निम्म्या प्रदेशात असेल तर परिपूर्ण मॉडेललाही ०.७५ च्या वर जाता येत नाही. दहाव्या हिश्शात असेल तर ०.९५ पर्यंत जाता येतं. तेव्हा ०.९६ मधला बराच भाग ‘बेडूक चौकटीच्या मानानं लहान जागेत राहतो’ एवढंच सांगतोय. लोबो, हिमेनेझ-वाल्वेर्दे आणि रिआल यांनी २००८ मध्ये एयूसीवर सडकून टीका केली, तरी निबंधांमध्ये तो पहिल्याच ओळीत मिरवतो. मीही देते, नाही असं नाही. परीक्षक मागतात.

मग चौकट केवढी घ्यावी? पुन्हा तिसरं वर्तुळ. आजवरच्या काळात तुमचा बेडूक जिथवर जाऊ शकला असता, तेवढा प्रदेश. म्हणजे नोंदींभोवती काही अंतराची कड, पण नदी, डोंगरकणा, कोरडा पट्टा असे खरे अडसर पाळून. ज्या जागी पोहोचण्याची संधीच नव्हती तिथल्या नसण्याला हवामान जबाबदार धरायचं नाही, एवढाच तर्क. डोंगरापलीकडचा पट्टा प्रशिक्षणाच्या चौकटीतून बाहेर काढा. मॉडेल शिकून झालं की मग त्याला तिथे अंदाज वर्तवायला सांगा. शिकायची जागा आणि अंदाजाची जागा वेगळ्या असू शकतात. त्या एकच असायला हव्यात या समजुतीनं बराच घोळ होतो. आत्ता तुमच्या मॉडेलला शिकतानाच ‘तिथे बेडूक नाही’ असं अप्रत्यक्षपणे सांगितलं गेलंय आणि तरीही त्यानं तिथे लाल रंग भरलाय. त्यामुळे त्या पट्ट्याचं हवामान खरोखरच जुळत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. चौकट आवळल्यावरही तो लाल राहिला तर आणखीच.

आता १९ चल. हे सगळे महिनावार तापमान आणि पावसावरूनच काढलेले आहेत, त्यामुळे त्यांतले बरेच एकमेकांची सावली असतात. वर्तमानात अंदाज बांधायला त्यानं फार बिघडत नाही, पण ‘कुठला घटक महत्त्वाचा’ हे सांगणारा तक्ता निरर्थक होतो. श्रेय जुळ्या भावंडांपैकी कुणालाही मिळतं. शिवाय या १९ पैकी बायो ८, ९, १८ आणि १९ या क्रमांकांचे चार तापमान आणि पाऊस यांची सांगड घालतात, उदाहरणार्थ सर्वांत ओल्या तिमाहीचं तापमान. जाळीतल्या शेजारच्या दोन चौकटींत सर्वांत ओली तिमाही वेगळी निघाली की नकाशावर मधेच धारदार रेघ उमटते, जी जमिनीवर नसते. मी सहसा हे चार आधीच बाजूला ठेवते. मग बेडकाकडे बघून पाच-सहा चल निवडायचे. त्याच्या अंगाला कोरडेपणा सोसत नाही, म्हणून कोरड्या काळातला पाऊस. उन्हाळ्याच्या टोकाचं तापमान. पावसाची हंगामी चढउतार. का निवडला हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तो चल काढून टाका. आणि एक लक्षात ठेवा: जाळीतली ३० सेकंदांची (अंशाच्या साठाव्या भागाच्या निम्म्याची) चौकट म्हणजे विषुववृत्तापाशी बाजूला जेमतेम एक किलोमीटर. तुमचा बेडूक ओल्या पानाखाली बसतो, तिथलं हवामान त्या चौकटीच्या सरासरीत कुठेच नसतं.

मॅक्सेंटबद्दल मी मुद्दाम कमी बोलतेय. स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत चांगलीच आहे. त्याच वर्षी २२६ प्रजाती आणि सहा प्रदेश घेऊन १६ पद्धतींची तुलना झाली, त्यात ती आघाडीच्या पद्धतींत होती आणि जुन्या बायोक्लिमसारख्या पद्धती मागे पडल्या. पण आहे त्याच सेटिंगवर ती तुमच्यासाठी ठीक आहे का, हे तपासावं लागतं. प्रत्येक चलाचा प्रतिसाद-आलेख, म्हणजे त्या चलाच्या कुठल्या किमतीला मॉडेल किती अनुकूल म्हणतं तो आलेख, उघडा. गुळगुळीत टेकडीसारखा दिसला तर बरं. करवतीसारखा वरखाली गेला, म्हणजे २२ अंशांना अनुकूल, २३ ला प्रतिकूल, २४ ला पुन्हा अनुकूल, तर मॉडेलनं बेडूक शिकण्याऐवजी तुमच्या ६३ नोंदी पाठ केल्या आहेत. नियमनाचा गुणक (मॉडेलला जास्त गुंतागुंतीचं होऊ न देणारी सेटिंग) वाढवा, आलेखांचे आकार साधे ठेवा आणि पुन्हा बघा. कुठलाही एक आकडा मला विचारलात तर मी आधी आलेख मागेन.

चाचणीही बदला. डोळे मिटून उचललेल्या २० टक्के नोंदी बाजूला ठेवल्या, तर चाचणीचा प्रत्येक बिंदू शिकवलेल्या एखाद्या बिंदूच्या शेजारीच निघतो. ही पाठ केलेल्या धड्यावरची परीक्षा झाली. त्याऐवजी प्रदेशाचे चार तुकडे करा, तीन तुकड्यांवर शिकवा, चौथ्यावर तपासा, आणि आळीपाळीनं चारही करा. आकडा खाली येईल. तो खाली आलेला आकडा जास्त खरा असतो, आणि तुम्हाला डोंगरापलीकडचा नाहीतर २०७० चा अंदाज करायचा असेल तर हीच चाचणी कामाची, कारण तिथेही मॉडेलला अनोळखी प्रदेशातच पाठवायचं आहे.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ: नोंदी साफ आणि विरळ करा, पार्श्वभूमी शोधणाऱ्यांच्या सवयींशी जुळवा, चौकट बेडकाच्या पल्ल्याएवढी ठेवा, चल थोडे आणि कारण सांगता येतील असे घ्या, तुकड्यांनी चाचणी करा. यातलं चौकटीचं काम आधी. एकच काम करायला वेळ असेल तर तेच.

आता लाल रंगच. तो कुठल्या उंबरठ्यावर सुरू होतो? ‘सर्वांत कमी गुणाची नोंदही आत यायला हवी’ असा उंबरठा घेतला असेल, तर चुकीच्या जागी पडलेली एकच नोंद तो खाली ओढते आणि अर्धा नकाशा लाल होतो. नोंदींवर पूर्ण भरवसा नसेल तर सर्वांत कमी गुणांच्या १० टक्के नोंदी सोडून देणारा उंबरठा घ्या. आणि ०.८ गुण म्हणजे बेडूक असण्याची ८० टक्के शक्यता, असं वाचू नका. खऱ्या अनुपस्थितीच्या नोंदींशिवाय ती शक्यता नुसत्या या माहितीतून काढता येत नाही; तो आकडा काही गृहीतकांवर उभा असतो.

हे सगळं करूनही पट्टा टिकला तर मात्र तो मला फार रंजक वाटेल. मादागास्करमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची अशीच मॉडेलं केली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे मॉडेलनं ‘जास्तीचा’ आढळ दाखवला होता त्या भागांत शोध घेतल्यावर सरडगुहिऱ्याच्या, म्हणजे शॅमेलिऑनच्या, विज्ञानाला नव्या असलेल्या सात प्रजाती सापडल्या. मॉडेल केलेली प्रजाती तिथे नव्हती, पण तसंच हवामान मानवणारे तिचे नातलग होते. मॉडेल ‘चुकलं’ त्या जागीच शोध लागला. तुमच्या डोंगरापलीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. पण ‘कुणाला सापडला नाही’ आणि ‘तिथे नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

२०७० बद्दल माझं उत्तर सावध आहे. मॉडेल ज्या हवामानावर शिकलं त्याच्या पल्ल्याबाहेर भविष्य गेलं, तर तिथे ते अक्षरशः अंदाजपंचे बोलतं. आलेखाच्या टोकाला रेघ आडवी धरून पुढे नेली की वरकरणी नकाशा नीटनेटका दिसतो, पण त्या भागाबद्दल मॉडेलला काहीच ठाऊक नसतं. जेन एलिथ, मायकेल कर्नी आणि फिलिप्स यांनी २०१० मध्ये यासाठी एक नकाशा सुचवला: भविष्यातली प्रत्येक चौकट प्रशिक्षणातल्या हवामानाशी किती जुळते, आणि कुठला चल पल्ल्याबाहेर गेलाय. त्यांचं उदाहरण होतं केन टोड या बेडकाचं, जो १९३५ मध्ये उसातल्या भुंग्यांचा बंदोबस्त करायला ऑस्ट्रेलियात आणला गेला आणि आजही पसरतोच आहे. हा नकाशा २०७० च्या नकाशाशेजारी छापा, आणि अनोळखी भाग राखाडी करून टाका. राखाडी रंग लाजिरवाणा नसतो.

आणखी दोन अडचणी आहेत. एक, चलांमधली आजची नाती उद्या राहतीलच असं नाही. आज उष्ण जागा कोरडीही असेल आणि उद्या उष्ण आणि ओली झाली, तर मॉडेलनं नक्की उष्णता टाळली होती की कोरडेपणा, हे कळायला मार्ग नाही. दोन, प्रजाती नव्या प्रदेशात गेल्यावर हवामानाची आपली जुनी चौकट सोडते, असंही दिसलंय. युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेल्या स्पॉटेड नॅपवीड या तणाबद्दल २००७ मध्ये तसं दाखवलं गेलं. त्याच्या उलट, तुमचा बेडूक इतका कमी हलत असेल की नवं अनुकूल हवामान वीस किलोमीटरवर असूनही तो तिथे वेळेत पोहोचणार नाही. म्हणून मी भविष्याचे दोन नकाशे देते: बेडूक कुठेही पोहोचू शकतो असं धरून एक, आणि आहे तिथून हलतच नाही असं धरून दुसरा. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं. हवामानाची मॉडेलं आणि उत्सर्जनाचे मार्गही एकाहून अधिक घ्या. एकाच मॉडेलवरच्या नकाशाला मी तरी सही देणार नाही. आणि नकाशा संवर्धनाची जागा ठरवायला वापरला जाणार असेल, तर बेडकाला किती तापमान सोसतं, अंगातलं पाणी किती वेगानं जातं, याच्या प्रयोगांवर उभं असलेलं शरीरक्रियेचं मॉडेल जोडीला हवं. ते महाग आणि वेळखाऊ असतं, म्हणून सगळ्यांसाठी मी ते सुचवत नाही.

शेवटी पट्ट्यात जाऊन बघायचंच ठरवलंत तर एकदा जाऊन परत येऊ नका. समजा बेडूक तिथे आहे, आणि एका रात्रीच्या शोधात तो सापडण्याची शक्यता ०.३ आहे. पाच रात्री शोधूनही तो निसटण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के. दहा रात्रींनंतर ती जेमतेम ३ टक्क्यांवर येते. प्रत्येक जागी प्रत्येक फेरीची नोंद ठेवा, ‘काही मिळालं नाही’ या फेरीचीसुद्धा, आणि प्रत्येक वेळी किती तास शोधलं तेही. त्याआधी मात्र एक काम घरबसल्या करा: आजवर त्या बाजूला कुणी गेलं होतं का, कुठल्या महिन्यात, आणि रात्री गेलं होतं का, ते जुन्या नोंदवह्यांत शोधा. तुमचा बेडूक पावसाळ्यातच ओरडत असेल आणि सगळे जण तिथे हिवाळ्यात दिवसा गेले असतील, तर त्या रिकाम्या नोंदींवरून तो तिथे नाही असं कुणालाही म्हणता येणार नाही.